मल्हारीच्या दंडावरची खूण

घसा दुखतो म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. मी तर मुळीच नाही. परंड्याच्या अलीकडं रस्त्याला लागून असलेल्या गावात आमची पिठाची गिरणी आहे. दिवसभर पीठ उडतं, नाकातोंडात जातं, आणि पट्ट्याच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. घसा बसणं हे आमच्या धंद्यात आलंच. त्यामुळं गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटलं तेव्हा मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या आणि दळण चालू ठेवलं.

पुढं ताप आला. मान दोन्ही बाजूंनी सुजली. थुंकी गिळायची म्हटली तरी डोळ्यांत पाणी यायला लागलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाइलची बॅटरी लावून तोंडात बघितलं, परत एकदा बघितलं.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“कातडं आल्यावानी दिसतंय. राखंच्या रंगाचं.”

परंड्याच्या डॉक्टरांनीही बघितलं. बघितलं आणि आधी मागं सरकून तोंडाला मास्क लावला. मग विचारलं, “लहानपणी लशी घेतल्या होत्या का?”

मला त्याही हालात हसू आलं. माझा जन्म मेंढरांच्या वाड्यावर झालेला. वाडा म्हणजे आमच्या लोकांचा मुक्काम, आज इथं, पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या रानात. मेंढरांना लस टोचायला माणूस शोधत यायचा, कारण मेंढरं विकायची असतात. आम्हाला शोधत कोण येणार? मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथं सोलापूरला जायला सांगितलं आणि बसनं जाऊ नका असंही सांगितलं.

नाव कळलं तो दिवस

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं, “घटसर्प आहे. उपचार आहे. पण हलायचं नाही, उठायचं नाही. हा आजार हृदयावर जातो.”

घटसर्प हा शब्द मी फक्त म्हाताऱ्या बायांच्या शिव्याशापात ऐकला होता. आजच्या दिवसात तो कुणाला होतो हेच माहीत नव्हतं. आपण मरणार का, हे विचारायला तोंड उघडलं, तर मॅडमनीच आधी विचारलं, “घरात लहान कोण आहे?”

मल्हारी आहे. माझा मुलगा. अजून तीन वर्षांचा झालेला नाही. रात्री माझ्या मानेत तोंड खुपसल्याशिवाय त्याला झोप येत नाही. माझ्याच ताटात खातो.

“त्याच्या लशी झाल्यात ना?”

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी जमिनीकडं. आपल्या जिवाची भीती तोवर वाटत होती. त्या क्षणानंतर ती मागं पडली आणि दुसरीच बसली. ती पुढं कितीतरी दिवस उठली नाही.

माझ्यासाठी जे औषध लागतं ते सहज मिळत नाही म्हणे. कुठून कुठून फोन करून त्यांनी ते मागवलं. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात असं मॅडमनी सांगितलं. ह्यांनी घरी फोन करून आईला, म्हणजे माझ्या सासूला, तसंच सांगितलं, आणि आता आई काय म्हणते या धास्तीत उभे राहिले. आमच्या घरात लशीच्या विरोधात जी कारणं सांगितली जायची, त्यात जनावराचं रक्त हे एक होतं. पण खंडोबाचं वाहन घोडा. पलीकडून आवाज आला, “देवानं आपलं घोडं धाडलं रं बाबा. लवकर घ्या म्हणावं.”

सुई का नको

हे नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्या कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. मला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. त्यासाठी मला कधी टोचून बोलल्या नाहीत, हे मी आधी लिहून ठेवते. लोकांची तोंडं त्यांनीच बंद केली. आणि खंडोबाला नवस बोलल्या: लेकरू झालं तर त्याचं जावळ देवाच्या पायरीवर काढीन, तोवर त्याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही.

जावळ म्हणजे आईच्या पोटातून आणलेले केस. ते पहिल्या वर्षी काढतात, नाहीतर तिसऱ्या. दुसऱ्यात काढत नाहीत. आणि लेकराला मांडीवर घेऊन बसायला मामा लागतो. पहिल्या वर्षी माझा भाऊ मेंढरं घेऊन घाटाकडं गेलेला, त्याला येणं जमलं नाही. वर्ष उलटलं आणि जावळ पुढं गेलं. लोखंड म्हणजे खरं तर कात्री-वस्तरा. आत्यांनी त्यात सुईही धरली.

आमच्या गावची आशाताई शबाना. दोन आळ्या सोडून तिचं घर आहे. ती महिन्याच्या महिन्याला लशीचं सांगायला यायची.

“मावशी, कान टोचलेत की ह्याचे,” ती आत्यांना म्हणायची.

“ती सोन्याची तार व्हती. सोनाराला इचार.”

“आन् सिझर झालं तवा? ब्लेड लागलंच न्हवं?”

“ते हिच्या पोटाला लागलं. पोराला न्हाय.”

आम्ही सगळ्याच हसायचो. शबाना चहा पिऊन जायची आणि पुढच्या महिन्यात परत यायची. मी माझ्या परीनं आत्यांना सांगून बघितलं, ह्यांनीही बघितलं. मग मोबाइलवर एका माणसाचा आवाज फिरायला लागला. स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. लशीत जनावराचं रक्त असतं आणि टोचलेली पोरं पुढं बाप होत नाहीत, असं ठासून सांगत होता. दोन्ही धादांत खोटं. पण दळण होईपर्यंत बाया गिरणीत बसून असतात आणि एकीचा मोबाइल सगळ्या ऐकतात. इतक्या वर्षांनी नातवाचं तोंड बघितलेल्या बाईला ‘हा पुढं बाप होणार नाही’ असं कुणी सांगितलं, तर ती काय करणार? आत्यांनी शबानाला सांगितलं, “आता ह्यो इषय काढू नगंस.”

आणि या सगळ्यावर ती खूण होती.

मल्हारी दीड महिन्याचा असताना आम्ही त्याला देवाच्या दर्शनाला नेलं होतं. परत आलो त्याच आठवड्यात त्याच्या डाव्या दंडावर बारीक फोड उठला. पिकला, वाहिला. आत्यांनी त्यावर रोज भंडारा लावला. फोड बसला आणि तिथं डाळीएवढी खोलगट खूण राहिली. “देवानं बोट लावलं,” आत्या म्हणाल्या. तेव्हापासून दर रविवारी मल्हारीला आंघोळ घातली की आधी देवाला भंडारा, मग त्या खुणेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाही वर करून दाखवायच्या. मलाही ते खरं वाटत होतं. बरं वाटत होतं, असं म्हणा.

पलंगावरचे दिवस

वेगळी खोली, एक खिडकी, खिडकीतून पाण्याची टाकी. सकाळी झाडणाऱ्या मावशी यायच्या, मग सिस्टर, मग छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढणारा मुलगा, मग मॅडम. संध्याकाळी परत तेच. उठायचं नाही म्हणजे खरंच उठायचं नाही. पोती उचलणारी बाई मी, कुशीवर वळायला दुसऱ्याचा हात लागायचा. त्याची पहिले काही दिवस लाज वाटली. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, “लाजू नको बाई, हितं सगळी सारखीच.” त्या नेमानं माझे केस विंचरून वेणी घालून द्यायच्या. ते त्यांचं काम नव्हतं.

ह्यांना आत यायची मनाई. ते दाराबाहेर सतरंजी टाकून बसायचे आणि काचेतून हात करायचे. त्यांना गोळ्या दिल्या होत्या, तपासणीही झाली होती. मला बरं नाही म्हणून हा माणूस असा दिवसच्या दिवस बसेल असं मला वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं.

घशातलं कातडं हळूहळू गेलं. आता सुटलो असं वाटलं, तर बोलणं बदललं. सगळे शब्द नाकातून यायला लागले. पाणी प्यायले तर तेही नाकातून बाहेर. मी घाबरून रडले. मॅडम म्हणाल्या, टाळूची ताकद गेली आहे, आठवड्यांनी येईल, पण येईल. तोवर पातळ काही नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून टेकूनच खायचं, घट्ट कण्या चमच्यानं. ज्यांच्या घरात असं होईल त्यांनी हे ध्यानात ठेवा: त्या दिवसांत माणूस पाणी मागतो आणि द्यायला जीव तुटतो, पण विचारल्याशिवाय देऊ नका.

एके सकाळी सिस्टर सलाइन लावायला वाकल्या. त्यांच्या अर्ध्या बाहीखाली, डाव्या दंडावर, डाळीएवढी खोलगट खूण. मी बोट दाखवून विचारलं, हे काय?

“बीसीजी,” त्या म्हणाल्या. “क्षयाची लस. दवाखान्यात जन्मल्याबरोबर देतात. आधी फोड येतो, मग खूण राहते. सगळ्यांना असते.”

त्या दिवसापासून मी लोकांचे दंडच बघत बसले. मॅडमला होती. पट्टी काढणाऱ्या मुलाला होती. दाराबाहेर उकाड्यानं बनियनवर बसलेल्या आमच्या ह्यांना होती, आणि इतक्या वर्षांत मी ती बघितली नव्हती. सगळ्या सोलापूरला खंडोबानं बोट लावलेलं होतं. फक्त माझा दंड कोरा होता.

आधी मला हसू आलं. मग आत्यांचा भंडाऱ्यानं पिवळा झालेला अंगठा आठवला आणि हसू राहिलं नाही. मल्हारीचा जन्म बार्शीच्या दवाखान्यातला, पोट फाडून. मी गुंगीत होते आणि आत्या बाहेर देवाचा धावा करत होत्या. तेवढ्यात कुणीतरी आपलं काम करून टाकलं होतं. म्हणजे पोराला सुई केव्हाच लागली होती आणि पोरगं ठणठणीत होतं. हे सांगितलं की आत्यांचं लोखंड संपत होतं. पण त्याबरोबर त्यांची खूणही जात होती.

मी काचेतून खुणा करून ह्यांना कसंबसं समजावलं. त्यांनी स्वतःचा दंड बघितला, बराच वेळ बघितला. फोनवर म्हणाले, “तूच सांग आईला. मला न्हाय जमायचं.”

फोनवर माझा एक शब्द कुणाला कळत नव्हता.

तिकडं गावात

हे मला नंतर थोडं ह्यांच्याकडून, थोडं शबानाकडून कळलं.

माझं निदान झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आरोग्याची माणसं गावात आली. घराघरांत घसे तपासले. आमच्या घरात आत्यांना गोळ्या, मल्हारीला पातळ औषध. आत्यांनी औषधाला नाही म्हटलं नाही. “पाजायचं ते पाजा. सुई न्हाय.” नर्सबाईंनी समजावलं, की औषधानं आत्ताचं टळेल, उद्याचं नाही, उद्यासाठी लसच लागते. आत्या ऐकून घेऊन आत गेल्या.

आणि मग मोबाइलवर दुसरा आवाज आला. या वेळी आमच्याबद्दल. गिरणीवालीच्या घशात किडे पडलेत, तिच्या पिठातून रोग गावभर गेलाय, त्या गिरणीचं दळण खाऊ नका. बाया ज्वारी डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जायला लागल्या. आत्या गिरणी उघडून बसायच्या. कुणी यायचं नाही. ज्या बायकांची दळणं त्यांनी सणावाराला आपली आंघोळ-जेवण सोडून काढून दिली होती, त्या रस्त्याच्या पलीकडून मान खाली घालून जायच्या.

एक दिवस शबाना डब्यात ज्वारी घेऊन आली. “दळा मावशी.”

“तुला भ्या न्हाय वाटत?”

“मला भाकरी लागती.”

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच पिठाची भाकरी फडक्यात बांधून आणली आणि नळावर बाया जमतात तिथं, सगळ्यांसमोर बसून खाल्ली. “मावशीच्या गिरणीचं पीठ हाय. मेले तर उद्या कळंलच तुमास्नी,” म्हणाली. घटसर्प खोकल्या-शिंकेतून पसरतो, पिठातून नाही, हे तिनं घास गिळता गिळता सांगितलं. त्या संध्याकाळी एक दळण आलं. नंतर दोन.

आत्या शबानाला म्हणाल्या, “त्या मोबाइलवाल्यानं आमची गिरणी डोळ्यानं बघितली तरी असंल का गं?”

“नसंल.”

“मंग बिनदिक्कत कसा बोलला?”

शबाना म्हणाली, “मावशी, त्या पयल्या आवाजवाल्यानं तरी लस कुठं बघितली असंल?”

आत्यांनी गिरणीवरचं पीठ फडक्यानं झाडलं. मग म्हणाल्या, “मोबाइलचं सोड. ते खोटं, मानलं. पण देवाला काय सांगू?”

त्याच आठवड्यात मल्हारीला ताप आला. खोकलाही. ह्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण आत्यांचा फोन आला तेव्हा मागं त्याचा खोकला ऐकू आला आणि मला कळलं. माझी हृदयाची पट्टी त्या दिवशी बिघडली होती, मॅडम रागावल्या. घशाची तपासणी करून निकाल यायला वेळ लागला. तोवर आत्या त्याला मांडीवर घेऊन ओसरीवर बसून होत्या, पोटात अन्न नाही. मी पलंगावर पडून एकच गोष्ट देवाकडं मागत होते. साधी सर्दी निघाली. फोनवर आत्या नुसत्या रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा ऐकलं.

घरी

घरी आले तेव्हा दारात आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मल्हारी धावत आला. मी “ये सोन्या” म्हटलं, आणि तो थबकला. नाकातला आवाज ऐकून आत्यांच्या पदराआड गेला. हा आजार किती वाईट असं कुणी विचारलं, तर मी इंजेक्शनांचं सांगत नाही, हे सांगते. दोन दिवस तो माझ्याजवळ आला नाही.

रविवारी आत्यांनी त्याला आंघोळ घातली. देवाला भंडारा लावला. मग बाही वर करून त्याच्या दंडाला लावायला गेल्या, तेव्हा मी जवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते मी दवाखान्यात शंभरदा ठरवलं होतं. एक वाक्य धड बाहेर पडेना. मग मी आत्यांच्या चोळीची बाही वर सारली.

त्यांच्या दंडावर रुपयाएवढ्या दोन जुन्या खुणा आहेत. मी एकीवर बोट ठेवलं. मग मल्हारीच्या खुणेवर. मग माझी बाही वर करून माझा कोरा दंड दाखवला.

“काय गं?” आत्या म्हणाल्या. “ह्या तर देवी काढलेल्या. ल्हान व्हते तवा माणूस आल्ता टोचायला.”

मी परत त्यांच्या खुणेवरून मल्हारीच्या खुणेवर बोट नेलं.

“तेची येगळी. ही देवानं…” आणि त्या थांबल्या.

मी जमेल तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दवाखान्यात. जन्मला तेव्हा. सगळ्यांना देतात. त्यांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली. ओला अंगठा त्या खुणेवर टेकवून तशाच बसून राहिल्या. मल्हारी कंटाळून चुळबुळ करायला लागला तरी सोडलं नाही.

“गोदीआक्का कडब्याच्या गंजीत लपली व्हती,” त्या म्हणाल्या. “म्या घावले, ती न्हाय घावली.”

गोदीआक्का म्हणजे आत्यांची थोरली बहीण. मी तिला माझ्या लग्नात बघितलं होतं. एक डोळा नाही, तोंडावर सगळे वण. देवीचा रोग येऊन गेला होता तिला, एवढंच मला माहीत होतं. ती टोचणाऱ्याला चुकवून लपली होती, हे आत्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्या उठल्या, हात धुतले आणि गिरणीत गेल्या. दुपारची भाकरीही त्यांनी तिथंच मागवून घेतली. मी ह्यांना म्हटलं, चुकलंच माझं. आजारपणात माणसाला वाटतं आपण वाचलो म्हणजे सगळं सांगायचा हक्क मिळाला.

गिरणीत

लसीकरण आमच्या गिरणीत ठेवायची कल्पना शबानाची. अंगणवाडीत बोलावलं की बाया येत नाहीत. दळणाला आल्याशिवाय राहत नाहीत. आत्यांनी त्या रविवारच्या आधीच जागेला हो म्हटलं होतं. जागेला. मल्हारीचं कुणी काढलं नव्हतं.

त्या दिवशी नर्सबाई लशीचा डबा घेऊन आल्या. बाया आल्या, पोरंही आली, पण सगळ्या भिंतीला टेकून. पुढं कुणी सरकेना. सगळ्यांची नजर आत्यांवर, कारण या गल्लीत आत्यांनी केल्याशिवाय कुणी काही करत नाही. शबानानं थोडं सांगितलं. मग मला म्हणाली, तू बोल. मी पट्ट्याच्या आवाजावर जमेल तेवढं ओरडून बोलले. माझा तो आवाज ऐकून पोरं हसली, बाया हसल्या नाहीत. मी पेला उचलून पाण्याचा एक घोट घेतला. टाळू अजून पुरती भरली नव्हती, थोडं पाणी नाकातून आलं. ते मी पदरानं पुसलं. मग मी स्वतः बाही वर केली. हा आजार एकदा होऊन गेला तरी लस घ्यावी लागते, मॅडमनी बजावलं होतं. माझ्या कोऱ्या दंडाला आयुष्यातली पहिली लस तिथं, पिठाच्या डब्यांमध्ये बसून मिळाली.

आत्या घरात गेल्या. मला वाटलं, झालं, रागावल्या.

त्या मल्हारीला कडेवर घेऊन आल्या. हातात भंडाऱ्याची पिशवी. त्याची जावळाची वेणी तशीच, तिला कुणाची कात्री लागलेली नाही. त्यांनी चालू गिरणी बंद करायला लावली. पट्टा थांबला आणि सगळं एकदम शांत झालं. मल्हारीची बाही वर करून त्यांनी ती खूण बायांना दाखवली. ह्या बायांना त्यांनी ती आधीही कितीदा दाखवलेली.

“ही देवाची न्हाय,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातली हाय. ह्यो जल्मला तवाच टोचलाय. मला न इचारता.” जरा थांबून म्हणाल्या, “देवानं पयली आपणच टोचून घेतली. आता दुसरीला न्हाय म्हणणारी म्या कोण?”

कुणी हसलं नाही. आत्यांनी खाली मांडी घातली, मल्हारीला मांडीवर घेतलं आणि त्याच्या मांडीला चिमूटभर भंडारा लावला.

“आजी, आधी नका लावू,” नर्सबाई घाईनं म्हणाल्या. “पुसावं लागेल. नंतर लावा.”

“बरं, नंतर,” आत्या म्हणाल्या आणि पदरानं पुसायला लागल्या. नर्सबाईंनी तोही थांबवून कापसानं पुसलं.

मल्हारी असा ओरडला की पत्रे वाजले. त्या रडण्यात त्यानं हात माझ्याकडं केले. मी त्याला घेतलं. पोरगं माझ्या मानेत तोंड खुपसून रडत राहिलं आणि मीही रडले. माझा आवाज कसा येतोय याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

आत्या अजून खालीच बसलेल्या. सुई टोचली होती तिथून नजर न काढता त्यांनी विचारलं, “हितं बी खूण उठंल का?”

“नाही आजी. आज जरा दुखेल, ताप येईल. खूण राहत नाही याची.”

आत्यांचा चेहरा पडला. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही. ज्या खुणेला त्यांनी दोन वर्षं देव मानलं ती त्यांनी आत्ताच चारचौघींत देऊन टाकली होती, आणि बदल्यात काहीच मिळत नव्हतं. डोळ्याला दिसेल असं काही नाही.

भिंतीजवळची एक बाई पोराला घेऊन पुढं आली. तिच्या मागून दुसरी. आत्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठत नर्सबाईंना जागा करून दिली.

“खूण न्हाय ऱ्हात तर म्या ध्यानात ठिवते,” त्या म्हणाल्या. “पुढची कवा?”